अठ्ठेचाळीस हिश्श्यांचा लेथ

आमच्या राजिवड्याच्या घरी पडवीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक लोखंडी धूड वीस-बावीस वर्षे पडून होते. त्याच्यावर आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या असत, पावसाळ्यात ओले कपडे वाळत असत, आणि घरातली लहान मुले लपाछपीत त्याच्या मागे दडत असत. तो आमच्या आजोबांचा लाकूड कातायचा लेथ. उर्दूत त्याला खराद म्हणतात आणि त्यावर काम करणाऱ्याला खरादी. मराठीत त्या कारागिराला कातारी म्हणतात. जुन्या घरांतले कातीव खांब, पाळण्याचे कातीव दांडे, पलंगाचे कातीव पाय हे सारे अशाच यंत्रावर होत. लाकूड दोन टोकांमध्ये धरून गरगर फिरवायचे आणि टेकूवर पटाशी ठेवून त्याला आकार द्यायचा, एवढेच त्याचे तत्त्व. पण ते हातात यायला वर्षे लागतात.

आजोबा तरुणपणी मुंबईला माझगावच्या गोदीत कामाला होते. कोकणातली कितीतरी मुस्लिम माणसे तेव्हा गोदीत आणि बोटींवर होती. कोणी खलाशी, कोणी फिटर, कोणी बॉयलरवर. गाव सुटले तरी पावसाळ्यात मन गावातच असायचे. नोकरी सोडून ते परत आले तेव्हा साठवलेल्या पैशांतून त्यांनी हा जुना, पायाने चालवायचा लेथ विकत घेतला आणि किनाऱ्याने चालणाऱ्या बोटीतून रत्नागिरीला आणला. मोठ्या बोटीवरून होडीत उतरवताना तो समुद्रात जाता जाता वाचला, ही गोष्ट आम्ही लहानपणी शंभरदा ऐकली आहे.

तेव्हा शिडाच्या गलबतांना आणि मचव्यांना लाकडी कप्प्या लागत. शिडाचा दोर ज्या चाकावरून सरकतो ते चाक घट्ट लाकडाचे आणि बिनचूक गोल हवे, नाहीतर ऐन वाऱ्यात दोर अडकतो. आजोबा कप्प्या करून देत. त्याशिवाय लाटणी, ताक घुसळायच्या रव्या, खुंट्या, भोवरे आणि पाळणे. पुढे गलबतांना इंजिने बसली आणि कप्प्या गेल्या. मग पलंग लोखंडी झाले आणि पाळणेही. अब्बांनी तरीही काम चालू ठेवले. गुडघे दुखू लागले तेव्हा त्यांनी पायटा सोडला, लेथला शेवटचे तेल घातले आणि वर ताडपत्री बांधली. विकायला मात्र कधी काढला नाही.

मागच्या वर्षी अब्बांचा इंतकाल झाला. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. दफनाचा खर्च आणि थोडे देणे होते ते फेडून झाल्यावर आम्ही चौघे भावंडे, दोन भाऊ आणि दोन बहिणी, अम्मीजवळ बसलो आणि मागे राहिलेल्या वस्तूंची यादी केली. घर, हापूसची काही कलमे, थोडी भांडी आणि हा लेथ. भंगारवाल्याने तो डोळ्यांनीच तोलला. सव्वादोनशे किलो, ३२ रुपये किलोने ७,२०० रुपये. संध्याकाळी टेंपो आणतो, म्हणाला.

आता हिस्से. सूरह निसात वारसांचे हिस्से ठरवून दिलेले आहेत. मुलेबाळे असतील तर पत्नीला आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. आमच्यासारख्या घरात, म्हणजे आई, दोन मुलगे आणि दोन मुली असताना, अपूर्णांक टाळायला एकूण ४८ भाग धरावे लागतात. आईचे ६, प्रत्येक मुलाचे १४, प्रत्येक मुलीचे ७. लेथच्या ७,२०० रुपयांत एका भागाचे १५० रुपये आले. अम्मीला ९००, भावांना २,१०० आणि बहिणींना १,०५० रुपये.

बहिणी लगेच म्हणाल्या, "लोखंडाच्या तुकड्याचे हजार रुपये घेऊन आम्ही काय करणार? आम्ही माफ केलं."

आपल्या घरांतून हे वाक्य फार ऐकू येते. बहिणीला माहेर तुटायला नको असते. ईदला यायचे, बाळंतपणाला यायचे, म्हणून ती मागण्याआधीच माफ करते. आणि भाऊही "तिने स्वखुशीने सोडलं" असे सांगून मोकळे होतात. लेथच्या बाबतीत हजार रुपयांचा प्रश्न होता, पण यादीत खाली घर होते आणि कलमे होती. एकदा माफ करण्याची सवय लागली की उद्या त्याच हाताने हक्कसोडपत्रावर सही होते, हे आम्हा चौघांनाही ठाऊक होते. बोलत कोणी नव्हते.

अम्मी बोलली. "माफ करायचं असेल तर करा. पण आधी हातात घ्या. जे हातात आलंच नाही ते सोडलं म्हणून कसं सांगता?"

दुसऱ्या दिवशी मशिदीतल्या मौलानांना विचारले. त्यांनीही साधे उत्तर दिले. हिस्सा हा भावाने बहिणीला द्यायचा नजराणा नाही. बाप गेला त्या क्षणी तो तिचा झाला. भावाकडे तो फक्त अमानत म्हणून आहे.

टेंपो परत गेला. पण मग त्या लेथचे करायचे काय? थोरल्याचा मुलगा आयटीआयमध्ये टर्नरचा दोन वर्षांचा कोर्स करून आखाती देशातल्या नोकरीच्या कागदांची वाट बघत घरी बसला होता. तो म्हणाला, "भंगार म्हणून किंमत काय ते कळलं. चालू झाला तर किंमत काय, ते कुठे कळलंय?" बोलणे खरे होते. आधी चालू करून पाहायचे, आणि खर्च थोरल्याने उचलायचा, असे ठरले.

समुद्राकाठच्या लोखंडाची दशा आपण सगळे जाणतो. खाऱ्या हवेतले मीठ लोखंडावर बसते, ते ओल धरून ठेवते आणि गंज आतवर जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून एकात एक सरकणारे भाग फुगून जाम होतात. आमच्या लेथचे मागचे डोके, जे लाकडाच्या लांबीप्रमाणे पुढे-मागे सरकवायचे असते, ते पाट्याला चिकटूनच बसले होते. हातोड्याचा मोह आवरला. बीड लोखंड ठिसूळ असते, घाव बसला तर तडकते. रॉकेल आणि तेल समभाग करून सांध्यांवर सोडत राहिलो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. नवव्या दिवशी लाकडी मोगरीने हलके ठोकले तेव्हा आतून लाल पाणी आले आणि डोके बोटभर सरकले. घरात मूल पहिले पाऊल टाकते तेव्हा जसा गलका होतो तसा झाला.

गंज पॉलिशपेपरने काढला, पण सरकत्या पाट्यावर खरखरीत कागद लावला नाही. तिथे बारीक कागद आणि तेलच. नाहीतर पाटा उंचसखल होतो आणि कायमचा बिघडतो. पितळी तेलवाट्या काळ्या पडल्या होत्या. अम्मीने त्या आमसुलाच्या पाण्यात टाकल्या, जशी ती घरातली भांडी उजळते तशा. तेल आत जायच्या एका भोकात कुंभारणीने मातीचे घर बांधून ठेवले होते. ते तारेने कोरून काढले. ते तसेच राहिले असते तर वरून कितीही तेल घातले तरी आत थेंब गेला नसता आणि मुख्य दांडा पहिल्या तासातच भाजला असता.

पायट्याजवळच्या लाकडी खणात अब्बांच्या पटाश्या होत्या, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेल्या. गोल धारेच्या तीन, तिरकी एक, सपाट दोन. फडक्यामुळे त्या वाचल्या होत्या. आणि पटाश्यांच्या खाली पत्र्याच्या डबीत एक घडी घातलेला कागद होता. १९७५ सालचा. आजोबा गेल्यानंतरचा. अब्बांच्या अक्षरात लिहिले होते की लेथची किंमत चार माणसांच्या समक्ष ६०० रुपये ठरली, भावाचे दोन हिस्से ४०० आणि बहिणीचा एक हिस्सा २०० रुपये, ते बहिणीला रोख पोच. खाली आमच्या फुफीचा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या.

अब्बांनी हे आम्हाला कधी सांगितले नव्हते. फुफीनेही नाही. १९७५ साली २०० रुपये ही आमच्या घराला लहान रक्कम नव्हती. लाटणी विकून ते जमवायला अब्बांना किती दिवस लागले असतील कोण जाणे. म्हणजे ज्या लेथवर आम्ही वाढलो तो अब्बांना नुसता मिळालेला नव्हता. बहिणीचा हक्क चुकता करून त्यांनी तो आपला करून घेतला होता. धाकटी बहीण तो कागद बराच वेळ हातात धरून बसली. त्यानंतर आमच्या घरात "माफ केलं" हा शब्द कोणी उच्चारला नाही.

काम पुढे सरकले. मुख्य दांडा ज्या दोन गनमेटलच्या बुशांत फिरतो ते झिजून अंडाकृती झाले होते. दांडा हाताने हलवला तर डगडग जाणवे. दांडा असा डगडगला की पटाशी लाकडावर थरथरते आणि कातलेल्या भागावर वळ्या उठतात. मिरजोळे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये दांड्याच्या मापाचे दोन नवे बुश कातून घेतले. ते काम पोराने शेजारी उभे राहून शिकून घेतले.

मग दोन्ही टोकांची गाठ. पुढच्या डोक्याचे टोक आणि मागच्या डोक्याचे टोक जवळ आणले की त्या दोन अण्या नेमक्या एकमेकींना भिडल्या पाहिजेत. आमच्या दोन मिलिमीटर चुकत होत्या. अशा लेथवर सरळ लाटणे कातू गेले तर एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक होते. दोष लोखंडात नव्हता. खालच्या लाकडी घोड्याचा एक पाय ओलीने खचला होता आणि वरचा पाटा पीळ खाऊन बसला होता. घोडा आईनाच्या लाकडाचा नवा करून घेतला, खाली पितळेची पातळ पट्टी सारली आणि अण्या जुळल्या.

पायटा ठेवायचा की मोटर लावायची, यावर मात्र चार दिवस वाद झाला. पायट्यावर माणूस दमतो, पण वेग त्याच्या पायात असतो आणि वीज गेली तरी काम थांबत नाही. मोटरवर हात दोन्ही मोकळे आणि ध्यान पूर्ण पटाशीवर. शेवटी मोटर लावली आणि पायटाही तसाच ठेवला. मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची, मिनिटाला १,४४० फेऱ्यांची. तिच्यावर ३ इंचांची पुली आणि लेथवर ६ इंचांची, म्हणजे लाकूड मिनिटाला ७२० फेऱ्या घेते. लाटण्यासारख्या बारीक कामाला वेग वाढवता येतो. पण लाकूड जाड असेल, किंवा अजून ओबडधोबड असेल, तर वेग कमीच ठेवायचा. जाड लाकडाची बाहेरची कड तेवढ्याच फेऱ्यांत कितीतरी जास्त अंतर धावते. ते सुटले तर दगडासारखे लागते.

खर्च असा झाला: जुनी मोटर ४,०००, बुश मजुरीसह २,६००, चामड्याचा पट्टा १,१००, घोड्याचे लाकूड आणि सुतार १,०००, बोल्ट, तेल, पटाश्यांच्या मुठी वगैरे ९००. एकूण ९,६०० रुपये.

चालू करायच्या आधी अम्मीने नियम घातले आणि ते आता भिंतीवर लिहून लावले आहेत. बाह्या कोपराच्या वर. ओढणी, रुमाल, गळ्यातली साखळी काढून बाजूला. बहिणींनी पडवीत यायचे तर ओढणी मागे घट्ट बांधून. लाकूड लावल्यावर आधी हाताने एक पूर्ण फेरा द्यायचा, टेकूला लागत नाही ना ते बघायचे, मगच बटण. बटण दाबताना समोर उभे राहायचे नाही. डोळ्यांवर चष्मा, नाकावर फडके. पहिल्या दिवशी बिस्मिल्लाह म्हणून बटण दाबले तेव्हा कोणी काही बोलले नाही. पट्ट्याचा सपसप आवाज आला, तोच लहानपणी दुपारी झोपेत ऐकू यायचा. अम्मी उठून आत गेली.

पहिले लाटणे आंब्याच्या लाकडाचे, आणि ते काही चांगले झाले नाही. पोराला लोखंड कातायची सवय. तिथे हत्यार यंत्राच्या पकडीत असते, इथे ते आपल्या हातात असते आणि लाकडाच्या रेषा ओळखाव्या लागतात. दहावे लाटणे बरे झाले. शिवणीचे लाकूड हलके आणि न वाकणारे, फणसाचे पिवळेधमक आणि जुने झाले की तपकिरी होणारे. कुठले लाकूड कशाला, हे तो शेजारच्या म्हाताऱ्या सुतारमामांकडून शिकला.

रंगकामासाठी तो सावंतवाडीला जाऊन आला. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत सावंतवाडी आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होती. तिथली चितारआळी लाकडी खेळणी, फळे आणि गंजिफांसाठी प्रसिद्ध आहे. लेथवर लाख चढवायची पद्धत आपल्या देशात जुनी आहे, कर्नाटकात चन्नपट्टणलाही तीच चालते. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते, आणि वरून केवड्याचे पान दाबले की चकाकी येते. केवडा आपल्या किनाऱ्यावर लागेल तेवढा. धाकटी बहीण रत्नागिरीतच राहते. हे रंगाचे काम तिने उचलले आहे. पोरगा कातून देतो, ती लाख चढवते. लहान मुलांची खुळखुळी, भोवरे, आणि तसबीहचे मणी. एकसारखे ९९ मणी कातणे ही हाताची खरी परीक्षा आहे, ती तो अजून देतोच आहे.

हाताच्या कामाला आपल्या दीनमध्ये कमीपणा नाही. हजरत जकरिया (अ.) सुतार होते आणि हजरत दाऊद (अ.) आपल्या हातच्या कमाईवर जगत, हे हदीसच्या संग्रहांत आले आहे. मदिनेत प्रेषितांचा (स.) मिंबर झावाच्या लाकडाचा होता आणि तो एका अन्सारी स्त्रीच्या सुताराने बनवला होता. कैरोच्या जुन्या घरांच्या मशरबिया, म्हणजे लाकडी जाळीच्या खिडक्या, लेथवर कातलेल्या हजारो छोट्या तुकड्यांच्या आहेत. आतल्या बायकांना बाहेरचे दिसावे आणि वारा यावा, पण बाहेरून आतले दिसू नये, अशी त्यांची रचना. तिथले कारागीर जमिनीवर बसून, एका हाताने धनुकली ओढून लाकूड फिरवत आणि हत्याराला पायाच्या बोटांनी आधार देत. आमच्या पडवीतले काम त्याच घराण्यातले, फार दूरचे का असेना.

आता हिशेब. लेथ चालू झाल्यावर लाकडाच्या धंद्यातल्या एका जाणकाराला बोलावून किंमत करवली. २४,००० रुपये. त्यातून खर्चाचे ९,६०० वजा केले, राहिले १४,४००. ४८ भागांत भागले तर एका भागाचे ३०० रुपये. अम्मीचे १,८००, दोन्ही भावांचे प्रत्येकी ४,२००, बहिणींचे प्रत्येकी २,१००. थोरल्याने लेथ ठेवून घेतला आणि बाकीच्यांचे पैसे चुकते केले. भंगाराच्या भावाने १,०५० रुपयांत तो बहिणींना वाटेला लावू शकला असता, कोणी तक्रार केली नसती. तो म्हणाला, "पोराच्या मेहनतीचं धरू नका. पण अब्बांनी जपून ठेवलं नसतं तर मेहनत कशावर केली असती?" अब्बांच्या कागदासारखाच कागद केला, सह्या झाल्या, साक्षीदार झाले. जुना आणि नवा, दोन्ही कागद त्या डबीत ठेवले.

थोरलीने तिचे २,१०० रुपये घेतले आणि मुलीच्या शिक्षणाला लावले. धाकटीने लाख आणि रंग आणले. कोणीच परत केले नाहीत, आणि ते बरे झाले. त्यानंतर घराचा आणि कलमांचा विषय निघाला तेव्हा कोणाचा आवाज चढला नाही की कोणाची मान खाली गेली नाही. सातबाऱ्यावर वारस म्हणून अम्मीचे आणि आम्हा चौघांचेही नाव लागावे असा अर्ज दिला आहे. हक्कसोडपत्राचा कागद कोणी आणलाच नाही.

लेथने आमचे घर श्रीमंत केले असे सांगायचे नाही. महिन्याकाठी जे मिळते त्यातून पोराचा स्वतःचा खर्च सुटतो आणि धाकटीच्या हाती चार पैसे येतात. व्हिसा आला तर तो जाईल, आम्ही अडवणार नाही. परत येईल तेव्हा लेथ तेल घातलेला असेल, एवढे आम्ही बघू.

ज्यांच्या घरी आजोबांची शिलाई मशीन, लोहाराचा भाता, होडी बांधायची हत्यारे किंवा असेच काही ताडपत्रीखाली असेल, त्यांनी भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा रॉकेल घालून पाहावे. आणि चालू होवो न होवो, त्याची किंमत करून ज्याचा त्याचा हिस्सा कागदावर लिहून हातात द्यावा, बहिणीचा सर्वांत आधी. गंज लोखंडाला लागतो तसा तो नात्यालाही लागतो, आणि दोन्ही ठिकाणी उशीर झाला की मग हातोड्याशिवाय काम होत नाही. अल्लाह आपल्याला हक्क ओळखण्याची आणि वेळेवर देण्याची तौफीक देवो. आमीन.